उखांबा घडवताना : झुलू मातीकाम आणि त्यावरील नक्षी, नव्याने शिकणाऱ्यांसाठी

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील क्वाझुलू-नाताळ प्रांतात, विशेषतः थुकेला नदीच्या खोऱ्यात आणि एशोवे गावाच्या परिसरात, झुलू स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या चाकाविना मातीची भांडी घडवत आल्या आहेत. पातळ भिंतींचे, भरीव गोलाईचे, घोटून गुळगुळीत केलेले आणि शेवटी धुरावर काळे केलेले हे भांडे म्हणजे उखांबा. ज्यांनी अजून माती हातात घेतलेली नाही, किंवा चाकावर थोडे काम केले आहे पण नुसत्या हातांनी भांडे उभे केलेले नाही, अशांनी या पद्धतीची सुरुवात कशी करावी हे या लेखात क्रमाने सांगते.

सर्व पायऱ्यांना लागू पडणारी एक गोष्ट आधी सांगायला हवी. झुलू भांड्यावरची नक्षी भांडे पूर्ण झाल्यावर चढवली जात नाही. कोणती रेघ कधी ओढायची, मातीचा उंचवटा कधी बसवायचा, दगडाने कधी घोटायचे, हे सारे मातीत त्या क्षणी किती ओल आहे यावर ठरते. म्हणून नक्षी शिकणे म्हणजे मुख्यतः माती वाळताना तिच्याकडे लक्ष ठेवायला शिकणे होय. आकृत्या कागदावर उतरवून घेण्याची घाई करणाऱ्यांची पहिली काही भांडी याच कारणाने बिघडतात, माझीही बिघडली.

पहिली पायरी : भांडे कशासाठी आहे ते समजून घेणे

उखांब्याचे काम उत्श्वाला वाढण्याचे. उत्श्वाला म्हणजे मोड आणलेल्या ज्वारीची, आणि अलीकडे मक्याचीही, घरी आंबवलेली बिअर. जी ज्वारी आपल्याकडे भाकरीला लागते, तीच तिथे या पेयाला लागते. माणसे जमिनीवर बसतात, यजमानीण आधी स्वतः घोट घेऊन पेय चांगले असल्याची खात्री देते आणि मग तेच भांडे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते. अनेक हातांतून फिरणारे आणि दोन्ही तळव्यांत धरून तोंडाला लावायचे हे भांडे असल्यामुळे त्याचा घाट गोल आहे, त्याला कान किंवा मूठ नाही आणि त्याचा काठ ओठांना खुपणार नाही असा साधा ठेवलेला असतो.

याच कुळातली इतर भांडी ओळखून ठेवावीत. पेय शिजवण्या-आंबवण्याचा मोठा रांजण तो इंबिझा. तो जाड आणि खडबडीत असतो व त्यावर सहसा नक्षी नसते, कारण तो पाहुण्यांसमोर येत नाही. उभी मान असलेले, पेय किंवा पाणी दुसऱ्या घरी वाहून नेण्याचे भांडे ते उफिसो. त्याच्या मानेमुळे चालताना पेय हिंदकळून सांडत नाही. छोट्या भांड्याला उमान्सिशाना म्हणतात आणि त्या नावात कंजूषपणाचा अर्थ आहे, कारण इतक्या लहान भांड्यातून वाढणारा पाहुण्याला पुरेसे देत नाही असे मानले जाते. (या नावातील ‘स’ नेहमीचा नाही, जिभेचे टोक दातांमागून सोडवताना होणारा तो झुलू भाषेतला ठोका आहे.) भांड्यावर झाकायला गवताची किंवा ताडाच्या पात्यांची विणलेली उथळ चकती असते, तिला इंबेंगे म्हणतात.

काळ्या रंगालाही कारण आहे. झुलू घराच्या आत, दाराच्या समोरच्या मागील भागात, उम्सामो नावाची अंधारी आणि थंड जागा असते. ती अमाद्लोझींची, म्हणजे पूर्वजांची, जागा मानली जाते. पूर्वजांसाठी पेय तिथे ठेवतात आणि त्यांना अंधार व गारवा प्रिय असतो अशी श्रद्धा असल्यामुळे भांडेही काळे असते. नुसते दिसायला छान म्हणून आपण भांडे काळे करू लागलो, तर शेवटच्या धुराच्या पायरीकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. म्हणून हे आधीच ठाऊक असलेले बरे.

दुसरी पायरी : चांगली भांडी डोळे भरून पाहणे

माती आणण्यापूर्वी किमान आठवडाभर फक्त भांडी पाहावीत. एशोवे येथील वुकानी संग्रहालयात झुलू टोपल्यांबरोबर मातीच्या भांड्यांचाही मोठा संग्रह आहे, आणि डर्बनचे फान्सी संग्रहालयही अशा वस्तूंसाठी ओळखले जाते. तिथे प्रत्यक्ष जाता आले नाही तरी छायाचित्रे मिळतात.

सर्वांत जास्त वेळ नेस्टा नाला (1940–2005) यांच्या भांड्यांना द्यावा. थुकेला खोऱ्यातील या कुंभारणीने आई सिफिवे नाला यांच्याकडून काम शिकून घेतले आणि पुढे जाबू, झानेले व थेंबी या मुलींना ते दिले. घरगुती वापराच्या भांड्याला कलाकृतीचे स्थान मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. त्या आपल्या भांड्यांवर नावही कोरत असत. त्यांच्या भांड्यांत पाहण्याजोगी गोष्ट अशी की नक्षी जिथे आहे तितकाच जिथे नाही तो भागही विचारपूर्वक ठरवलेला दिसतो. हे काम परंपरेने स्त्रियांचे असले तरी क्लाइव्ह सिथोले यांच्यासारखे पुरुषही त्यात आले आहेत. ते नेस्टा नालांकडे शिकले आणि त्यांच्या भांड्यांवर गुरांच्या आकृत्या उठावात येतात.

पाहताना प्रत्येक भांड्याबद्दल वहीत तीन गोष्टी टिपाव्यात : सर्वांत रुंद भाग उंचीच्या कितव्या हिश्श्यावर आहे, नक्षी कुठे सुरू होऊन कुठे थांबते आणि घोटलेले व न घोटलेले भाग कसे विभागले आहेत. बहुतेक उखांब्यांत नक्षी खांद्यावर आणि पोटाच्या वरच्या अर्ध्यात असते, खालचा भाग मोकळा असतो. भांडे जमिनीवर ठेवलेले असते आणि बघणारा त्याच्याकडे वरून पाहतो, हे लक्षात घेतले की त्या मांडणीचे कारण आपोआप कळते.

तिसरी पायरी : माती तयार करणे

मातीला झुलू भाषेत उबुंबा म्हणतात. कुंभारणी ती ठराविक जागेवरून खणून आणतात, अनेकदा दोन वेगळ्या माती एकत्र करतात, वाळवतात, दगडावर धान्यासारखी वाटतात आणि मग भिजवतात. आपल्या घरी पाटा-वरवंटा असेल तर हे काम हाताला अनोळखी वाटणार नाही. वाटल्यामुळे खडे आणि मुळे हाती लागतात व मातीत पाणी सारखे भिनते.

महाराष्ट्रात सराव करणाऱ्याने शेतातील काळी माती घेऊ नये. ती पाण्याने फार फुगते आणि वाळताना फार आक्रसते, त्यामुळे भांडे आव्यापर्यंत, म्हणजे भाजण्याच्या आगीपर्यंत, पोचण्याआधीच तडकते. जवळच्या कुंभाराकडून तलावाच्या किंवा नदीच्या गाळाची, त्याने स्वतः वापरून पाहिलेली माती घ्यावी. तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे दिसले तर ते काढूनच टाकावेत, कारण भाजल्यावर तो चुना हवेतील ओलावा शोषून फुगतो आणि काही दिवसांनी भांड्याचा टवका उडतो. उघड्या आगीत भाजायची माती फार शुद्ध असूनही चालत नाही. तिच्यात जुन्या खापराची बारीक चाळलेली पूड, साधारण पाच वाट्या मातीला एक वाटी, मळून घ्यावी. त्यामुळे वाफेला बाहेर पडायला वाट मिळते आणि आगीचा झटका भांड्याला सोसतो. पूड मात्र मैद्याच्या चाळणीतून गाळावी. जाड कण राहिले तर घोटताना ते उखडतात आणि पृष्ठभागावर चरे पडतात.

भिजवलेली माती ओल्या गोणपाटाखाली निदान एक आठवडा मुरू द्यावी. मग ती भरपूर मळावी. गोळा तारेने कापून पाहिल्यावर आत एकही पोकळी दिसली नाही आणि बोटाभोवती गुंडाळलेली मातीची वळी तडकली नाही, तर माती तयार झाली असे समजावे. याच वेळी मातीची एक पट्टी करून तिच्यावर बरोबर 10 सेंटीमीटरची रेघ मारून ठेवावी. पट्टी वाळल्यावर ती रेघ पुन्हा मोजली की आपली माती किती आक्रसते हे कळते. नक्षीचे अंतर ठरवताना हा आकडा उपयोगी पडतो.

चौथी पायरी : वळ्यांवर वळ्या चढवणे

पहिले भांडे 15 सेंटीमीटरपेक्षा उंच करू नये. आधी तळहाताएवढी, बोटाच्या जाडीची चकती थापावी. ती चुंबळीत किंवा उथळ वाटीत ठेवली की बूड गोलसर राहते. तिच्या कडेवर करंगळीएवढ्या जाडीची वळी बसवावी. वळी नुसती ठेवून भागत नाही, तिची आतली कड अंगठ्याने खाली आणि बाहेरची कड तर्जनीने खाली ओढून दोन्ही थर एकजीव करावे लागतात. एवढे केल्यावरच पुढची वळी घ्यावी. तीन-चार वळ्या झाल्यावर थांबून भांडे थोडे घट्ट होऊ द्यावे, नाहीतर स्वतःच्या वजनाने ते खाली बसते. थांबताना काठावर ओला कपडा टाकायला विसरू नये.

भिंत जाड ठेवून नंतर खरवडण्याची पद्धत आहे. भोपळ्याच्या किंवा नारळाच्या करवंटीचा तुकडा हातात घ्यावा, एक हात आत टेकवावा आणि दुसऱ्या हाताने बाहेरून खालून वर खरवडत जावे. आतल्या हाताने बाहेर दाब दिला की पोट फुगते आणि बाहेरून दाब दिला की खांदा आत वळतो. भिंत शेवटी सहा-सात मिलिमीटर जाडीची राहिली तर नवशिक्यासाठी ते उत्तम काम समजावे. कसलेल्या कुंभारणीचे भांडे याहूनही पातळ असते आणि हातात घेतल्यावर ते आकारमानाच्या मानाने आश्चर्य वाटावे इतके हलके लागते.

चाकाची सवय असलेल्यांना इथे मोह होतो की भांडे चाकावर ठेवून फिरवावे आणि गोलाई साधावी. तसे करू नये. भांडे जागेवर ठेवून आपण त्याच्याभोवती फिरावे. चाकाची गोलाई एकाच आसाभोवतीची असते. उखांब्याची गोलाई प्रत्येक बाजूने डोळ्याने पारखून घेतलेली असते आणि तिच्यातला अगदी सूक्ष्म असमतोल भांड्याला जिवंतपणा देतो. मला स्वतःला हे पटायला वेळ लागला, पण एकदा पटल्यावर चाकावरचे उखांबे निर्जीव वाटू लागले.

पाचवी पायरी : योग्य ओल ओळखणे

भांडे उभे राहिल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत माती ज्या अवस्थांतून जाते, त्यांपैकी तीन आपल्या कामाच्या आहेत. पहिलीत बोट टेकवले तर ठसा उमटतो. ही अमासुंपा, म्हणजे नक्षीचे लहान उठावदार गोळे, बसवण्याची वेळ. दुसरीत बोट रुतत नाही पण नखाने स्वच्छ रेघ निघते आणि रेघेच्या कडा फाटत नाहीत. ही कोरण्याची वेळ. तिसरीत माती चामड्यासारखी घट्ट असते, रंग किंचित फिका पडू लागलेला असतो आणि गारगोटी फिरवली की चमक उठते. ही घोटण्याची वेळ. उन्हाळ्यात पुण्यासारख्या कोरड्या हवेत या तिन्ही अवस्था एकाच दिवसात येऊन जातात, तर कोकणात पावसाळ्यात त्यांना आठवडा लागतो. त्यामुळे घड्याळावर विसंबू नये, दर तासाला नखाने तपासावे.

सहावी पायरी : नक्षी

आता मुख्य काम. भांड्याच्या खांद्यावर आणि पोटावर कुठवर नक्षी करायची याच्या दोन आडव्या सीमारेषा आधी अगदी हलक्या हाताने आखाव्यात. सुतळी भांड्याभोवती गुंडाळून तिची घडी घातली की परिघाचे चार, सहा किंवा आठ समान भाग मिळतात. आकृती या भागांत बसवली म्हणजे शेवटचा त्रिकोण अर्धवट राहत नाही.

कोरीव रेघा. झुलू कुंभारणी यासाठी सुरी, खिळा, छत्रीची काडी, सायकलच्या चाकाचा आरा अशी हाताशी असलेली कुठलीही अणकुचीदार वस्तू वापरतात. आपल्याकडे दाभण सर्वांत सोयीचे. हत्यार उभे धरू नये, ते तिरपे धरून आपल्याकडे ओढावे, म्हणजे माती फाटत नाही, ती बाजूला सरते. रेघेच्या कडेला उठलेला चुरा लगेच पुसू नये. ओला चुरा पुसायला गेले की तो रेघेतच भरतो. तो वाळू द्यावा आणि मग मऊ ब्रशने झाडावा. प्रचलित आकृत्यांत त्रिकोण, नागमोडी पट्टे, समभुज चौकोन, कमानी आणि समांतर रेघांचे पट्टे येतात. पहिल्या भांड्यावर एकच नागमोडी पट्टा घ्यावा आणि तो नीट साधावा.

भरलेले पट्टे. रेघांनी आखलेल्या त्रिकोणाच्या आत बारीक समांतर रेघा किंवा टोचे भरले की तो भाग खरखरीत होतो आणि शेजारचा घोटलेला भाग अधिक चकाकतो. झुलू भांड्यावर रंग क्वचितच असतो, त्यामुळे गडद-फिक्याचे सारे काम या खरखरीत आणि चकचकीत पोतांच्या शेजाराने होते. भांडे काळे झाल्यावर हा फरक आणखी उठून दिसतो, म्हणून आखताना तांबड्या मातीवर नक्षी फार फिकी वाटली तरी रेघा उगाच खोल करू नयेत.

अमासुंपा. झुलू नक्षीतील सर्वांत ओळखीचा प्रकार हाच. अमासुंपा म्हणजे चामखिळी. पृष्ठभागावर उठलेल्या लहान गोळ्यांच्या रांगांना हे नाव आहे. या गोळ्या त्रिकोणांत, चौकोनांत, पट्ट्यांत किंवा चंद्रकोरीसारख्या कमानीत मांडतात. हाच प्रकार दूध काढण्याच्या लाकडी भांड्यांवर आणि मांसाच्या ताटांवरही कोरलेला सापडतो. झुलू राजा दिंगाने याची राजधानी उम्गुंगुंद्लोवू 1838 मध्ये जळाली. तिच्या परिसरात आणि राजघराण्याच्या इतिहासात अमासुंपाला मानाचे स्थान होते, म्हणून आजही या नक्षीकडे प्रतिष्ठेची खूण म्हणून पाहिले जाते. ही राजधानी ज्या एमाखोसिनी खोऱ्यात होती, तिथल्या टेकडीवर आज पितळी रंगाच्या कांस्य उखांब्याचे भव्य स्मारक असून त्याच्याभोवती सात मोठी शिंगे उभी केली आहेत. ती त्या खोऱ्यात पुरलेल्या सात राजांसाठी आहेत. एखाद्या समाजाने आपल्या राजांचे स्मारक बिअरच्या भांड्याच्या रूपात उभारावे, यावरून त्या भांड्याचे मोल कळते.

अमासुंपा बसवण्याच्या दोन रीती नवशिक्याला जमण्याजोग्या आहेत. पहिल्या रीतीत मटाराच्या दाण्याएवढ्या, सगळ्या सारख्या आकाराच्या गोळ्या वळून ओल्या कपड्याखाली ठेवाव्यात. भांड्यावर जिथे गोळी बसायची तिथे दाभणाने चार-पाच टोचे मारावेत, त्यावर पातळ चिखलाचा थेंब सोडावा, गोळी ठेवून किंचित फिरवत दाबावी आणि तिच्या पायाशी काडीचे टोक गोल फिरवून माती भांड्यात जिरवावी. आतून दुसऱ्या हाताचा आधार दिला नाही तर भिंत आत खचते. दुसऱ्या रीतीत मातीची पातळ पट्टी भांड्यावर चिकटवतात आणि मग सुरीच्या पाठीने किंवा काडीने तिचे आडवे-उभे तुकडे पाडतात, त्यामुळे चौकोनी उंचवट्यांच्या रांगा तयार होतात. पहिली रीत वेळखाऊ आहे, पण गोळ्या जास्त गोल आणि जिवंत दिसतात. दुसरीत रांगा सरळ राहतात. मी पहिलीच सुचवीन, कारण शंभर गोळ्या बसवता बसवता मातीची ओल कशी बदलते हे बोटांना कायमचे कळते.

इथली नेहमीची चूक म्हणजे भांडे घट्ट झाल्यावर ओल्या गोळ्या चिकटवणे. गोळी भांड्यापेक्षा जास्त आक्रसते, सांध्यात केसाएवढी फट पडते आणि आव्यात गोळी उडून जाते. हे टाळायचे तर गोळ्यांची ओल भांड्याच्या ओलीएवढीच हवी. काम दोन दिवस चालणार असेल तर पूर्ण भांडे प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवावे आणि जेवढा भाग हाताखाली आहे तेवढाच उघडावा.

अमासुंपाचा एक व्यवहारी गुण मला फार आवडतो. भरलेले भांडे ओल्या हातांनी उचलताना गुळगुळीत पोटावरून बोटे सरकतात, तिथे या उंचवट्यांवर पकड मिळते. म्हणून गोळ्यांची जागा ठरवताना रिकामे भांडे दोन्ही हातांनी उचलून पाहावे आणि बोटे जिथे टेकतात ती जागा खडूने खूण करून ठेवावी.

सातवी पायरी : घोटणे

गुळगुळीत गारगोटी, शक्यतो नदीतली, घ्यावी. नक्षी नसलेला भाग आणि पट्ट्यांमधली मोकळी जागा लहान गोल हालचालींनी घोटत जावे. मातीचे कण चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. दगडाच्या दाबाने ते पृष्ठभागाला समांतर बसतात आणि त्यांच्यावरून प्रकाश परावर्तित होतो, म्हणून चकाकी येते. एकदा घोटून पुरत नाही. दोन-तीन तासांनी पुन्हा, आणि वाळत आल्यावर तिसऱ्यांदा घोटावे. दगडाला पाणी लावू नये. फार कोरड्या जागी बोटाला तेलाचा अगदी पुसट हात लावून चालतो. आतली बाजूही हाताला लागेल तिथवर घोटली तर भांडे कमी झिरपते.

मग भांडे सावलीत, वारा न लागेल अशा ठिकाणी, काठ झाकून, किमान दोन आठवडे वाळवावे. गालाला लावून गार लागले तर आत अजून पाणी आहे असे समजावे.

आठवी पायरी : पहिली आग

भट्टी लागत नाही. जमिनीत उथळ खड्डा, त्यात वाळके गवत, शेणाच्या गोवऱ्या आणि काटक्या एवढे पुरते. थुकेला खोऱ्यात कोरफडीच्या जातीच्या मोठ्या झाडांची वाळलेली पानेही वापरतात, ती संथ आणि सारखी जळतात. आपल्याकडे गोवऱ्या आणि भाताचा पेंढा ही जोडी सोपी पडते. मोकळ्या जागी, वारा पडलेला असताना, जवळ पाणी भरून ठेवून आणि स्थानिक नियम पाहूनच आग लावावी. गच्चीवर हा प्रयोग करू नये.

भांडी फुटतात ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासात, कारण 100 अंशांच्या आसपास भिंतीत उरलेल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला अवसर मिळत नाही. म्हणून भांडी आधी दिवसभर उन्हात ठेवावीत, नंतर निखाऱ्यांपासून हातभर अंतरावर ठेवून सर्व बाजूंनी फिरवत इतकी तापवावीत की हात लावता येणार नाही, आणि मगच खड्ड्यात पालथी रचून गोवऱ्यांनी झाकावीत. संध्याकाळी आग लावली तर अंधारात भांड्यांचा रंग दिसतो. ती मंद लाल दिसू लागली की पुरेशी भाजली. अशा उघड्या आगीत साधारण 700 ते 900 अंशांपर्यंत उष्णता जाते. याहून जास्त तापवून फायदा नाही, उलट घोटलेली चकाकी मरते. आग विझल्यावर भांडी राखेतच रात्रभर राहू द्यावीत. सुमारे 573 अंशांना मातीतल्या गारेच्या कणांचे आकारमान अचानक बदलते आणि घाईने बाहेर काढलेले भांडे त्या वेळी तडकते. बाहेर येईल ते तांबूस किंवा विटकरी रंगाचे, काही काळ्या डागांचे भांडे असेल. बोटाने ठोकले तर त्यातून स्वच्छ नाद निघाला पाहिजे. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

नववी पायरी : उकुफुसा, म्हणजे धुरावर काळे करणे

ही वेगळी, दुसरी आग आहे आणि तिच्यात ज्वाळा नको असते, धूर हवा असतो. पत्र्याचा जुना पिंप किंवा मोठा डबा घ्यावा, तळाशी दगड मांडून त्यांवर भांडे पालथे ठेवावे, भोवती वाळके गवत, पाने आणि गोवऱ्यांचा चुरा भरावा, पेटवावे आणि जाळ उठायला लागताच वरून आणखी चुरा टाकून तो दडपावा. हवेचा पुरवठा तुटला की न जळलेला कार्बन काजळीच्या रूपाने मातीच्या छिद्रांत शिरतो आणि पृष्ठभाग गर्द काळा होतो. तास-दीड तासाने पिंप झाकून तसाच थंड होऊ द्यावा. भांडे गरम असताना उघडले तर हवा लागून काजळी जळते आणि मधेच तांबडे चट्टे उमटतात. असे झालेच तर निराश होऊ नये, तेच भांडे पुन्हा धुरावर ठेवता येते. रबर, प्लास्टिक किंवा टायरचे तुकडे मात्र कधीही जाळू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो.

दहावी पायरी : शेवटचा हात

भांडे कोमट असताना मऊ कपड्याने काजळी पुसून घ्यावी आणि पृष्ठभागावर चरबी चोळावी. परंपरेने जनावराची चरबी वापरतात. बाजारासाठी घडवलेल्या भांड्यांवर बुटांचे पॉलिशही दिसते, पण आपल्या भांड्यातून कधी काही प्यायचे असेल तर पॉलिश टाळावे आणि शुद्ध तूप किंवा मधमाश्यांचे मेण घ्यावे. अमासुंपांच्या मधल्या जागेत चरबी साचते, ती काडीला कापड गुंडाळून काढावी. नंतर पुन्हा गारगोटी किंवा जाड सुती कापड फिरवून चमक आणावी.

तळाशी आपले नाव आणि वर्ष लिहायचे असेल तर ते कोरण्याच्या अवस्थेतच लिहून ठेवलेले असावे. नेस्टा नालांसारखे नाव कोरणे हा आपल्या कामाची जबाबदारी घेण्याचा चांगला प्रघात आहे. त्याचबरोबर हे भांडे कुणाला दाखवताना किंवा विकताना ही रीत झुलू कुंभारणींची आहे हेही सांगावे, कारण अमासुंपा ही कोणाच्या तरी घराण्याची आणि श्रद्धेची खूण आहे.

नव्या भांड्यात पहिल्यांदा पाणी भरून ते रात्रभर परातीत ठेवावे. आपल्या माठासारखेच ते थोडे पाझरेल आणि बाहेरून ओलसर, आतून गार राहील. थेंब पडू लागले तर आत पातळ पेज दोन-तीन वेळा उकळून घ्यावी म्हणजे छिद्रे बुजतात. भांडे साबणाने घासू नये. नुसत्या पाण्याने धुऊन पालथे घालावे, आणि काळा रंग फिका पडू लागला की त्याच गारगोटीने, त्याच जागी, पुन्हा थोडी चरबी लावून घोटावे.